थैली नाव विचारत नाही

हिशेबाची वही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सलाम. मी वर्तकनगरकडच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. मंडळी लहान आहे, शंभराच्या आसपास कुटुंबं, बरेचसे मूळचे नगर-जालन्याकडचे. गेल्या पावसाळ्यात उपासनेच्या हॉलचे पत्रे गळायला लागले, तेव्हा कमिटीने ऑनलाइन अर्पण सुरू करायचं ठरवलं. मंडळीतल्याच एका मुलाने फुकटात फॉर्म करून दिला. त्यात १९ रकाने आहेत. पाच महिन्यांत ११ जणांनी पैसे भरले, त्यातला एक मी आणि एक पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू). वडीलधारे म्हणतात, लोकांत आता देण्याची वृत्तीच उरली नाही. मला ते पटत नाही, कारण रविवारी उपासनेत अर्पणाची थैली फिरते, तीत काही कमी झालेलं नाही. शिवाय आम्ही देणाऱ्याला आयकरात ८०जीची सवलत मिळते असंही फॉर्मवर लिहिलंय. फॉर्म पाठवतोय, बघून सांगाल का? (नाव छापू नये, ठाणे)

उत्तर : भाऊ, तुमचा फॉर्म मी नुसता बघितला नाही, भरला. मुलीकडे नेरूळला चालले होते. ठाण्याला गाडीत खिडकी मिळाली तेव्हा सुरुवात केली. ऐरोली आलं तेव्हा मी ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ या रकान्यावर होते. आमच्या घरात कुटुंबप्रमुख कोण, हा प्रश्न चाळीस वर्षांत सुटलेला नाही, पण ते असो. रबाळ्याला ‘बाप्तिस्म्याची तारीख’. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी काही महिन्यांची होते. तारीख आईला पाठ होती आणि आई आता नाही. रकाना कोरा सोडला तर लाल झाला, म्हणून १ जानेवारी ठोकून दिली. म्हणजे तुमच्या फॉर्मने मला अर्पण देण्याआधी खोटं बोलायला लावलं.

घणसोलीला ‘दात्याचा प्रकार’ आला. व्यक्ती, कंपनी, हिंदू अविभक्त कुटुंब. मी डब्यात एकटीच हसले. त्या मुलाने तयार साचा कुठून तरी उचलला आणि तो तसाच राहिला, त्यात त्याचा दोष नाही. कमिटीतल्या एकानेही तो फॉर्म शेवटपर्यंत भरून बघितला नाही, दोष तिथे आहे. पुढे पॅन. पर्समधून कार्ड काढून नंबर टाकेपर्यंत ‘आपले सत्र संपले आहे’ आणि सगळं कोरं. तुर्भ्याला पुन्हा पहिल्यापासून. सगळं भरून रक्कम लिहिली ५०१, तर म्हणे ‘अवैध रक्कम’. तुमच्या फॉर्मला दहाच्या पटीत पैसे हवेत. अहो, आपल्या लोकांच्या तीन-चार पिढ्या ख्रिस्ती होऊन गेल्या, पण पाकिटात वर रुपया ठेवायची सवय काही गेली नाही. लग्न असो, घरभरणी असो, आभारार्पण असो, १०१ नाहीतर ५०१. तो रुपया तुमच्या फॉर्मने नाकारला. नेरूळला उतरले तेव्हा पैसे गेले नव्हते. तुमच्या अकरा जणांचं मला कौतुक वाटतं.

आता मूळ मुद्दा. मी लहान असताना आजीच्या गावच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) मखमलीची थैली फिरायची. तोंड अरुंद, आत हात घातला की मूठ कुणाला दिसत नसे. आजी पदराच्या गाठीतून नाणं काढून टाकायची, थैली पुढे जायची. सगळं मिळून तीन सेकंद. थैलीने आजीला कधी नाव विचारलं नाही. तुम्हीच लिहिताय की थैलीतलं अर्पण कमी झालेलं नाही, म्हणजे वृत्ती जागेवर आहे. थैली तीन सेकंद घेते, तुमचा फॉर्म ठाणे ते नेरूळ घेतो.

हे १९ रकाने आले कुठून, तेही मला दिसतं. मी ३३ वर्षं बँकेत काढली आहेत. फॉर्म करायला बसलं की समितीतल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. सेक्रेटरींना सभासदांची यादी अद्ययावत करायची असते, महिला मंडळाला वाढदिवस हवे असतात, कुणाला पत्ते. त्यात गैर काही नाही, पण ती माहिती मंडळीच्या रजिस्टरमध्ये असते, नसेल तर वार्षिक सभेच्या दिवशी दारात टेबल टाकून घ्या. देणाऱ्याचा हात खिशाकडे गेलेला असताना त्याची जनगणना करू नका.

विचारायचं काय? रक्कम. कशासाठी. नाव. मोबाइल नंबर. बस, चार. पावतीला याहून जास्त लागत नाही. आधारचा रकाना तर आजच काढा. अकरा जणांचे आधार क्रमांक एखाद्या मुलाने फुकटात केलेल्या वेबसाइटवर पडून आहेत, या विचाराने मला झोप लागली नसती. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही हेच म्हणतो, कामापुरतीच माहिती घ्या आणि कशासाठी घेताय ते सांगा.

रकमेचा रकाना सगळ्यात वर आणि मोकळा ठेवा. त्यावर बोट ठेवलं की मोबाइलवर आकड्यांचेच कळफलक उघडले पाहिजेत, ही त्या मुलाच्या दृष्टीने एका ओळीची दुरुस्ती आहे. तुमच्याकडे आत्ता चार बटणं आहेत, पहिलं ५००० चं. ते बघून घरकाम करणारी एखादी बाई फोन बंद करेल आणि कुणाला काही बोलणार नाही. बटणं ठेवायचीच तर १०१ पासून चढती ठेवा. बायबलातल्या गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांवर (छोट्या नाण्यांवर) दर वर्षी प्रवचन ऐकणाऱ्या मंडळीला याहून जास्त काय सांगू.

‘कशासाठी’ हा रकाना मात्र जपून करा, कारण फॉर्मची खरी गरज तिथे आहे. नुसता क्यूआर भिंतीवर लावला तरी पैसे येतील. पण महिनाअखेरीला बँकेच्या उताऱ्यात ४० ओळी दिसतील आणि त्यातले पत्र्यांचे कुठले, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) कुठला, हे कळणार नाही. मग तुम्ही रात्री एकेकाला फोन करत बसाल. तुमच्या यादीत आत्ता ‘जनरल फंड’, ‘कॉर्पस’, ‘मिशन’, ‘अदर्स’ असं आहे. कॉर्पस म्हणजे काय, हे मला बँकेत लागल्यावर कळलं. लोक देवळात जे शब्द बोलतात तेच लिहा : दशमांश, आभारार्पण, पत्र्यांची दुरुस्ती, गरीब निधी. कापणीच्या सणाच्या महिन्यात तेवढी एक ओळ वाढवा, नंतर काढून टाका. (कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक कोंबडी, ज्वारी, भोपळा आणायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. एकच भोपळा तीनदा विकला जायचा, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करायचा. याला ऑनलाइन पर्याय सापडला तर मला कळवा.)

पत्र्यांच्या दुरुस्तीसमोर आकडा लिहा. किती हवेत, किती जमले, आणि दर सोमवारी तो बदला. शंभर कुटुंबांच्या मंडळीत प्रत्येकाने ती बादली बघितली आहे, ज्यात पाणी ठिबकतं. ‘इमारत विकास निधी’ म्हटलं की ती बादली डोळ्यांसमोर येत नाही.

आता ८०जी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या पत्रावरून आणि ट्रस्टच्या नावावरून तुमचा ट्रस्ट निव्वळ उपासनेसाठीचा दिसतो. एका धर्माच्या लोकांपुरत्या, धार्मिक उद्देशाच्या संस्थेला ८०जीची मान्यता साधारणपणे मिळत नाही. तुमच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून जी १२एबीची नोंदणी असते, ती वेगळी गोष्ट. खजिनदार मंडळी या दोन्हींची गल्लत करतात, बँकेत मी हे पन्नासदा पाहिलं आहे. सरकारने अधिसूचना काढून मान्य केलेल्या ऐतिहासिक किंवा प्रसिद्ध प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीवर सवलत मिळते, पण त्यासाठी नुसतं जुनं असून भागत नाही. तुमचे पत्रे तर १९९८ चे. तेव्हा मान्यतापत्र हातात नसेल तर ती ओळ आज रात्रीच पुसा. कुणी त्या भरवशावर विवरणपत्र भरलं आणि नोटीस आली, तर तो थेट तुमच्या दारात येईल आणि त्याचं बरोबर असेल.

तुमच्या वरच्या संस्थेचा शाळा-दवाखान्यांसाठी वेगळा ट्रस्ट असेल आणि त्याला ८०जी असेल, तर त्याचा फॉर्म वेगळा, खातं वेगळं. तिथे पॅन विचारावाच लागतो, कारण त्या ट्रस्टला वर्षभरातल्या देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यावं लागतं आणि त्यावरूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. तरीही पॅनचा रकाना ‘करसवलतीची पावती हवी’ अशी खूण केल्यावरच उघडावा. नवी करपद्धत घेतलेल्यांना ही सवलत मिळतच नाही, त्यांना पॅनसाठी कशाला छळायचं? २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही ती नाही, हे रोख घेणाऱ्या भावाला सांगून ठेवा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे फॉर्मवर कुठल्याही कलमाचा आकडा छापण्याआधी सीएला विचारा.

गुप्तदानाचं कसं, असं तुमच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारल्याचं तुम्ही शेवटी लिहिलंय. प्रश्न चांगला आहे. निनावी देणग्यांवर ट्रस्टला ३० टक्के कर बसतो, असं ऐकून लोक घाबरतात. निव्वळ धार्मिक ट्रस्टला तो लागत नाही. शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून दिलेलं निनावी दान मात्र त्यात येऊ शकतं. पण खरी गोष्ट अशी की ऑनलाइन दान तुमच्यापासून गुप्त राहत नाही, बँकेच्या उताऱ्यात नाव येतंच. आपल्या मंडळ्या वार्षिक अहवालात नावासमोर रक्कम छापतात आणि लोक अहवाल हातात पडला की आधी शेजाऱ्याची रक्कम बघतात. मीही बघते. म्हणून एक खूण द्या : ‘माझं नाव अहवालात छापू नका’. मग ते नाव तुमच्यापाशीच राहू द्या, घरीसुद्धा बोलू नका.

पैसे कसे घ्यायचे, हे थोडक्यात. खातं ट्रस्टच्या नावाचंच हवं. तुमच्या स्वतःच्या नंबरावर तात्पुरतं घेतलेलंही उद्या गळ्याशी येईल. यूपीआय आधी ठेवा. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क नाही. कार्ड आणि नेटबँकिंगला पेमेंट गेटवेवाले (ऑनलाइन पैसे खात्यात पोचवणाऱ्या कंपन्या) साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे हजार रुपयांमागे २३ रुपये ६० पैसे. ते देणाऱ्याकडून वर मागू नका, कमिटीने सोसावेत. पावतीवर मात्र पूर्ण १,००० लिहा, ९७६.४० नाही.

पैसे गेल्यावर काय होतं, याचा तुमच्या फॉर्मवर कुणी विचारच केलेला नाही. परत आल्यावर (हो, शेवटी घरी आल्यावर ५०० भरले) ‘ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल’ एवढंच आलं, तेही हिरव्या रंगात, विजेचं बिल भरल्यासारखं. तिथे मराठीत दोन ओळी हव्यात, पाळकसाहेबांच्या शब्दांत. आणि त्याच मिनिटाला मोबाइलवर पावती : ट्रस्टचं नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, रक्कम अंकी आणि अक्षरी, कशासाठी. वयस्क माणसांना पावती आल्याशिवाय पैसे पोचल्याचा विश्वास वाटत नाही. त्यांना हसू नका, काउंटरच्या अलीकडे बसून मीही त्यांच्यातलीच झाले.

नवा फॉर्म झाला की प्रसिद्ध करण्याआधी मंडळीतल्या सगळ्यात वयस्क फोनधारक बाईंच्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. त्या जिथे थांबतील तिथे चूक आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीने दर महिन्याला आपोआप दशमांश कापला जाईल अशी सोय केली आहे. मी निवृत्त आहे, पेन्शनची तारीख मागेपुढे होते. खात्यात पैसे नसतील तर काय? आणि एकदा सुरू केलं की बंद करता येतं का? (कळवा)

उत्तर : येतं. ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिलीत, त्याच ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाखाली ती सापडेल, तिथून थांबवता किंवा रद्द करता येते. मंडळीला विचारावं लागत नाही. पहिल्यांदा पिन टाकावा लागतो. पुढे १५,००० पर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन लागत नाही, पण पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आलीच पाहिजे. पैसे नसले तर व्यवहार परत जातो, काही बँका त्यावर दंडही लावतात. तेव्हा तारीख पेन्शननंतर आठवडाभराची निवडा. तुमच्या फॉर्ममध्ये तारीख निवडता येत नसेल तर खजिनदारांना सांगा, निवृत्तांच्या मंडळीत हा रकाना हवाच.

तुम्ही विचारलं नाही, पण फॉर्मचं चित्र पाठवलंय म्हणून लिहिते. ‘दर महिन्याला’ या चौकोनात आधीच खूण केलेली आहे. एकदाच द्यायला आलेला माणूस नकळत बांधला जातो. दुकानांच्या वेबसाइटवर असली न विचारता टाकलेली दानाची खूण ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसवणुकीच्या प्रकारात धरली आहे. मंडळी दुकान नव्हे, हे खरं. म्हणून तर तिने आणखी सांभाळावं.

प्रश्न : माझा भाऊ टोरांटोला असतो, तीन वर्षांपूर्वी तिथला नागरिक झाला. ऐरोलीत त्याचं बँक खातं अजून आहे, भाड्याचे रुपये त्यात जमा होतात. त्या खात्यातून त्याने मंडळीच्या फॉर्मवर पैसे भरले तर चालतील ना? शेवटी रुपयेच आहेत. (ऐरोली)

उत्तर : नाही चालणार, ताई. इथे रुपये की डॉलर हे बघत नाहीत, पासपोर्ट कुठला ते बघतात. भाऊ परदेशी नागरिक झाला, म्हणजे त्याची देणगी परदेशी देणगी, मग ती ऐरोलीच्या खात्यातून रुपयांत का येईना. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तेच. अशी देणगी घ्यायला मंडळीच्या ट्रस्टला २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. ‘माझ्या खात्यात घेते आणि मी पुढे पाठवते’ हाही मार्ग नाही. हात बदलले तरी देणगी परदेशीच राहते.

तुमच्या शेजारणीचा मुलगा दुबईत आहे आणि पासपोर्ट भारतीयच आहे, तर तो मात्र स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत खुशाल देऊ शकतो. म्हणून फॉर्मवर ‘माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे / मी भारतीय नागरिक आहे’ एवढी एक खूण हवी. वर वर्तकनगरच्या भावांना मी चारच रकाने म्हटलं, त्यांनीही ही पाचवी खूण लिहून घ्यावी. भाऊ डिसेंबरात आला की त्याला वर्तकनगरच्या पत्र्यांवर चढवा, श्रमदानाला कुठलं खातं लागत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या दारात क्यूआरचा कागद चिकटवला आहे. त्यावर कुणी दुसरा चिकटवला तर? (कोपरी)

उत्तर : असं होतं. कागद दाराच्या आत, काचेखाली लावा. खाली ट्रस्टचं बँकेत आहे तेच नाव मोठ्या मराठी आणि इंग्रजी अक्षरांत लिहा, म्हणजे पिन टाकण्याआधी फोनवर दिसणारं नाव लोकांना ताडून बघता येईल. आणि दर रविवारी उपासनेआधी खजिनदारांनी स्वतः १ रुपया पाठवून कुणाचं नाव येतं ते वाचावं. वर्षाचे ५२ रुपये होतील, ते अर्पणात धरा.